यंत्राच्या आयडीला एकसारखं नाव का हवं? लिनक्स कर्नलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी लिनक्सचे वर्ग घेते. उरलेल्या दिवसांत चोपडा, अमळनेर, पारोळा, कधी धुळ्यापर्यंत जाऊन दुकानं, शाळा, दूध केंद्रं यांची मशीनं लावून देते. वर्गातली मुलं आणि तालुक्याच्या ठिकाणचे दुरुस्तीवाले मला जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आज्ञा, फाइली आणि कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची, आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत.

मॅडम, आयडी म्हणजेच नाव ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. एकाच वस्तूला कर्नलमध्ये, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये काम करणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, तीन वेगळ्या ओळखी असतात.

पहिली ओळख म्हणजे आकडा. पीसीआय कार्डाच्या (बोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या कार्डाच्या) आत कॉन्फिगरेशन स्पेस नावाची छोटी जागा असते. तिच्या पहिल्या दोन बाइटांत कंपनीचा क्रमांक असतो, पुढच्या दोन बाइटांत त्या वस्तूचा. कंपनीचा क्रमांक पीसीआय-सिग ही संस्था देते, वस्तूचा क्रमांक कंपनी स्वतः ठरवते. इंटेलचा क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई. हे सोळा-आधारी आकडे आहेत, म्हणून मध्ये ए ते एफ अक्षरं येतात.

दुसरी ओळख कर्नलच्या कोडात माणसांनी त्या आकड्याला दिलेलं नाव, जसं पीसीआय_व्हेंडर_आयडी_इंटेल. कार्डाला या नावाचा पत्ताही नसतो.

तिसरी ओळख मशीन सुरू झाल्यावर मिळते: डिस्कला एसडीए, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरला टीटीवाययूएसबी०, नेटवर्क कार्डाला ईटीएच०. ही हजेरीच्या क्रमाने पडते. जो आधी सापडला तो शून्य, नंतरचा एक.

वर्गात मी वावराचं उदाहरण देते. सातबाऱ्यावर गट नंबर एकच असतो. घरात मात्र थोरला भाऊ त्याच वावराला ‘नाल्यावरचं’ म्हणतो आणि धाकटा ‘आंब्याचं’. दोघे एकत्र राबतात तोवर काही अडत नाही. ज्या दिवशी सालदाराला ‘आंब्याच्या वावरात पाणी सोड’ सांगितलं जातं आणि त्याला ते नाव ठाऊक नसतं, त्या दिवशी पाणी भलतीकडे जातं. कर्नलच्या कोडात हजारो लोक राबतात. तिथे वावराचं नाव एकच असावं लागतं.

माझ्या मशीनमधला आयडी कसा बघायचा?

पीसीआयसाठी ‘एलएसपीसीआय’ला ‘-एनएन’ जोडून चालवा, यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’. एलएसपीसीआयच्या ओळीच्या शेवटाकडे चौकोनी कंसात १०ईसी:८१६८ अशी जोडी दिसेल. ही रिअलटेकची नेटवर्क चिप, आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त बोर्डांवर मला हीच भेटते. इंटेलचं आय२१० कार्ड असेल तर ८०८६:१५३३.

खोक्यावरचं नाव आणि इथलं नाव जुळत नाही म्हणून घाबरू नका. खोक्यावर विकणाऱ्याचं नाव असतं, आयडी चिप बनवणाऱ्याचा. कार्ड कोणी जुळवलं हे सांगायला सबसिस्टिमचे आणखी दोन क्रमांक असतात, ते ‘-व्हीएनएन’ दिलं की दिसतात.

दुरुस्तीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कार्डासमोर ‘रेव्ह एफएफ’ दिसलं, तर चिप उत्तरच देत नाही. उत्तर आलं नाही की वाचणाऱ्याला सगळे बिट एक दिसतात, म्हणून एफएफ. एफएफएफएफ हा क्रमांक याच कारणाने कोणत्याही कंपनीला दिला जात नाही. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) बदलत बसण्याआधी मशीन बंद करा, कार्ड काढा, कडा खोडरबराने पुसा, परत बसवा. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीतून इतकी धूळ येते की माझं निम्मं काम यातच होतं.

कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर, हे कर्नलला कोण सांगतं?

ड्रायव्हर स्वतः सांगतो. प्रत्येक ड्रायव्हरच्या कोडात तो ज्या आयडी चालवू शकतो त्यांचा तक्ता असतो. मॉड्यूल (ड्रायव्हरची कर्नलमध्ये चढवायची फाइल) तयार होताना त्या तक्त्यातून मॉडअलायस नावाच्या ओळी निघतात: ‘पीसीआय’, मग व्ही आणि कंपनीचा क्रमांक, मग डी आणि वस्तूचा क्रमांक, असं पुढे. कार्ड सापडलं की कर्नल तशीच ओळ तयार करतो, युडेव्ह (नव्या वस्तूंची दखल घेणारा प्रोग्राम) ती ऐकतो, जुळणारं मॉड्यूल चढतं. या सगळ्यात नावाचा कुठेच संबंध येत नाही, फक्त आकडे.

मग आकड्यांवर सगळं चालतं, तर नावांचा एवढा आग्रह कशाला?

कारण कोड माणसं वाचतात, आणि चुका माणसंच पकडतात.

तक्त्यात नुसतं ०x८०८६, ०x१५३३ लिहिलं तर ते चालतं. पण उद्या कोणी १५३३ च्या जागी १५५३ लिहिलं, तर तपासणाऱ्याच्या डोळ्याला ते खटकणार नाही. शब्द चुकला की लगेच दिसतो, आणि कंपायलरही (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) अडवतो.

दुसरं कारण जोडणीचं. कर्नलमध्ये पीसीआय_व्हीडिव्हाइस नावाचा मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल होताना पूर्ण मजकुरात उलगडणारी छोटी खूण. त्याला तुम्ही फक्त ‘इंटेल’ आणि आकडा देता, तो स्वतः पुढे ‘पीसीआय_व्हेंडर_आयडी_’ जोडून पूर्ण नाव तयार करतो. पीसीआय_डिव्हाइस_डेटा हा मॅक्रो कंपनी आणि वस्तू या दोन्हींची नावं अशी जोडतो. म्हणजे नावाची रचना ठरलेली आहे म्हणूनच हे मॅक्रो चालतात. आधी कंपनी, मग वस्तू, मध्ये अधोरेषा, सगळी मोठी अक्षरं. एखाद्याने उलटं लिहून ठेवलं तर मॅक्रोला ते नाव सापडणारच नाही.

तिसरं कारण शोधण्याचं. कर्नलचा कोड आता कोट्यवधी ओळींचा आहे. एखादी चिप कुठे कुठे वापरली आहे हे बघायचं तर ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेचाच आधार. नाव एकसारखं असेल तर एका शोधात सगळं हाती लागतं. तीन पद्धतींची नावं असतील तर तीन शोध घ्यावे लागतात, आणि चौथी पद्धतही आहे हे तुम्हाला कळतच नाही.

सगळे आयडी एकाच फाइलीत का ठेवत नाहीत?

पीसीआय_आयडीज.एच ही फाइल आहे, पण तिच्या डोक्यावरच लिहिलंय की एकापेक्षा जास्त ड्रायव्हरना लागणारेच आयडी इथे घाला. एकाच ड्रायव्हरला लागणारा आयडी त्याच्या स्वतःच्या फाइलीत ठेवायचा. नाहीतर प्रत्येक नवीन चिपमागे जो तो याच फाइलीला हात लावणार आणि दोघांचे बदल एकमेकांवर आदळणार. कीबोर्ड, माउस यांची यादी एचआयडी-आयडीज.एच मध्ये वेगळी आहे, तिथे यूएसबी_व्हेंडर_आयडी आणि यूएसबी_डिव्हाइस_आयडी अशी सुरुवात असते.

एलएसपीसीआय जी लांबलचक वाचनीय नावं दाखवतं, ती कर्नलमधली नाहीतच. ती पीसीआय.आयडीज या वेगळ्या यादीतून येतात. ही यादी लोकांनी पाठवलेल्या नोंदींवर उभी आहे. तुमच्या मशीनवर एखादं कार्ड नुसतं ‘डिव्हाइस’ आणि आकडा असं दिसलं तर ‘अपडेट-पीसीआयआयडीज’ चालवून बघा.

नावं वेडीवाकडी असली तर खरंच काही बिघडतं का? एखादं उदाहरण द्या.

इंटेलच्या प्रोसेसरांचं देते. या प्रश्नाला मी वर्गात अख्खा तास देते, कारण यात सगळं आहे.

प्रोसेसरला सीपीयूआयडी या सूचनेने विचारलं की तो फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग (त्याच मॉडेलची आवृत्ती) असे आकडे सांगतो. इंटेलचे गेल्या कित्येक वर्षांतले नेहमीचे प्रोसेसर सगळे फॅमिली ६ मध्ये आहेत. फरक मॉडेलचा. कर्नलमध्ये इंटेल-फॅमिली.एच नावाच्या फाइलीत प्रत्येक मॉडेलला नाव आहे.

पूर्वी ही नावं ज्याला जसं सुचलं तशी पडत गेली. हॅसवेल पिढीत साध्या प्रोसेसरला हॅसवेल_कोर, कमी विजेच्या लॅपटॉपवाल्याला हॅसवेल_यूएलटी, जास्त ग्राफिक्सवाल्याला हॅसवेल_जीटी३ई. पुढे स्कायलेक आला तेव्हा त्याच दोन प्रकारांना स्कायलेक_डेस्कटॉप आणि स्कायलेक_मोबाइल. ब्रॉडवेलमध्ये छोट्या सर्व्हरवाल्याला ब्रॉडवेल_झीऑन_डी. ॲटमच्या यादीत काही नावं आतल्या रचनेवरून, काही अख्ख्या प्लॅटफॉर्मवरून, आणि सिल्व्हरमाँटला तर नुसतं सिल्व्हरमाँट१, सिल्व्हरमाँट२.

आता विचार करा. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या. कोणत्या मॉडेलला कोणती त्रुटी आहे, याच्या याद्या कर्नलमध्ये याच नावांनी लिहिल्या जातात. नंतर दर काही महिन्यांनी नवीन त्रुटी, नवीन यादी. यादी तपासणाऱ्याला ‘लॅपटॉपवाले सगळे आले का?’ असं बघायचं असेल, तर त्याला यूएलटी आणि मोबाइल हे एकाच प्रकाराचे दोन शब्द आहेत हे पाठ असायला हवं. एक नाव सुटलं, तर त्या मॉडेलच्या मशीनला संरक्षण मिळणार नाही आणि ‘तुला त्रुटी नाही’ असं कर्नल तिला बिनधास्त सांगेल. वापरणाऱ्याला कधीच कळणार नाही.

म्हणून २०१८ मध्ये ॲटमची आणि २०१९ मध्ये मोठ्या कोअरची नावं एका साच्यात आणली गेली. आधी आतल्या रचनेचं नाव, मग लागलंच तर एक अक्षर. लॅपटॉपसाठी एल, जास्त ग्राफिक्ससाठी जी, सर्व्हरसाठी एक्स, छोट्या सर्व्हरसाठी डी. साध्या डेस्कटॉपला काहीच जोड नाही. हॅसवेल_यूएलटी झाला हॅसवेल_एल, स्कायलेक_मोबाइल झाला स्कायलेक_एल, ब्रॉडवेल_झीऑन_डी झाला ब्रॉडवेल_डी. चिपचा एकही आकडा बदलला नाही, एकही नवीन सोय आली नाही. तरी मला तो बदल फार मोलाचा वाटतो. आता कोणतीही यादी वाचताना शेवटचं अक्षर बघितलं की प्रकार कळतो.

आपल्याकडे गावांना हेच केलेलं आहे. एका नावाची दोन गावं शेजारी असली की मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. कोणत्याही तालुक्यात जा, जोड तीच, अर्थ तोच. जळगाव जिल्ह्यात तर त्याच्याही पुढे ‘प्र.’ लिहून जुन्या प्रगण्याची खूण जोडलेली गावं सातबाऱ्यावर सापडतात, कारण बुद्रुक-खुर्द लावूनही एकसारखी नावं उरली होती. एका तालुक्यात बुद्रुक, दुसऱ्यात ‘मोठं’ आणि तिसऱ्यात ‘जुनं’ असं लिहिलं असतं तर टपाल कुठे गेलं असतं, सांगा.

२०२४ मध्ये ही नावं पुन्हा बदलली. पूर्वीच्या नावात ‘फॅम६’ असायचं आणि त्यामागे फक्त मॉडेलचा आकडा. फॅमिली ६ आहे हे गृहीत धरलेलं. आता फॅमिली १८ आणि १९ चे प्रोसेसर येऊ लागले आहेत, म्हणून कंपनी, फॅमिली आणि मॉडेल तिन्ही एकाच किमतीत भरले आणि नावातून ‘फॅम६’ काढलं. जुन्या लेखात इंटेल_फॅम६_स्कायलेक_एक्स दिसलं आणि नव्या कोडात इंटेल_स्कायलेक_एक्स, तर वस्तू तीच आहे.

माझ्या लॅपटॉपवर ‘मॉडेल १४२’ दिसतं, पण कर्नलच्या फाइलीत १४२ कुठेच नाही. असं का?

प्रॉक-सीपीयूइन्फो ही प्रोसेसरची माहिती देणारी फाइल दशमान आकडे दाखवते, कर्नलच्या फाइलीत सोळा-आधारी आहेत. १४२ म्हणजे ८ई, म्हणजे केबीलेक_एल. जुन्या बाजारातून घेतलेल्या चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपवर ६० दिसेल, तो ३सी, म्हणजे हॅसवेल.

इथे आणखी एक खाच आहे. ‘माझा तर व्हिस्कीलेक आहे, दुकानदाराने केबीलेक गळ्यात मारला का?’ असं एका मुलाने काळजीने विचारलं होतं. नाही मारला. केबीलेकनंतरच्या कॉफीलेक, व्हिस्कीलेक अशा काही लॅपटॉप प्रोसेसरांचा मॉडेल क्रमांक इंटेलने ८ई हाच ठेवला, फरक फक्त स्टेपिंगमध्ये. सर्व्हरमध्येही स्कायलेक, कॅस्केडलेक आणि कूपरलेक तिघांचा क्रमांक सोळा-आधारी ५५. एका आकड्याला कर्नल एकच नाव देतो, बाकीची नावं शेजारी टीप म्हणून लिहून ठेवली आहेत. बाजारातलं नाव आणि आकडा यांचं नातं एकास एक नसतं, एवढं लक्षात ठेवा.

यूएसबीचा आयडी खोटा असू शकतो का?

असू शकतो. तो चिपमध्ये लिहिलेला आकडा आहे, नक्कल करणारा तोच आकडा लिहू शकतो. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सीरियल चिपचा (जुन्या सीरियल तारेचं यंत्र यूएसबीला जोडणाऱ्या) ०४०३:६००१ हा आयडी नकली चिपांवर सर्रास असायचा. २०१४ मध्ये कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने अशा नकली चिपांचा वस्तू-क्रमांक पुसून ०००० करायला सुरुवात केली, आणि लोकांची चालती यंत्रं एका अपडेटनंतर बंद पडली. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये मग ०००० हाही आयडी घालण्यात आला, ‘ब्रिक’ या शब्दासकट, म्हणजे हा आकडा तिथे का आहे हे वाचणाऱ्याला कळावं. नावाने इतिहास सांगितला, हे मला आवडतं.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरवर बहुतेक सीएच३४० चिप असते, आयडी १ए८६:७५२३. ती चांगली चालते. तिची अडचण वेगळी आहे, ती पुढच्या प्रश्नात.

ताई, लाइट गेली की काटा आणि फॅट मशीनची अदलाबदल होते. काय करू?

हा प्रश्न मला पहिल्यांदा चोपडा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रातून आला. सकाळी साडेसहाला फोन. पलीकडे केंद्र चालवणारे आबा: “काटा येडा व्हई गया, ताई.”

मी पोहोचले तेव्हा रांग लागलेली होती. टेबलावर जुना डेस्कटॉप, त्याला दोन एकसारखे निळे कन्व्हर्टर, एकावर वजनकाटा, दुसऱ्यावर फॅट मशीन. प्रोग्राममध्ये लिहिलेलं होतं: काटा टीटीवाययूएसबी० वर, फॅट टीटीवाययूएसबी१ वर. रात्री लाइट गेली, पहाटे आली, मशीन आपोआप सुरू झालं आणि या वेळी फॅट मशीनचा कन्व्हर्टर आधी सापडला. शून्य त्याला मिळालं.

वाईट गोष्ट अशी की प्रोग्राम अडला नाही. तो येणाऱ्या ओळीतला पहिला आकडा उचलायचा. एका आजींनी छोट्या कॅनमध्ये तीन लिटर म्हशीचं दूध आणलं होतं, फॅट सात. पावतीवर छापलं गेलं: सात लिटर, फॅट तीन. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे वाटण्यासारखे. बारा लिटर आणणाऱ्याला सहा लिटरची पावती मिळाली तेव्हा कुठे आरडाओरड झाली. आजींनी स्वतःची पावती परत आणून दिली आणि म्हणाल्या, माझं एवढं दूध नव्हतं. ती पावती हातात घेतली तेव्हापासून मी या विषयाकडे गंमत म्हणून बघितलेलं नाही.

उपाय सांगते. कर्नल हजेरीनेच नंबर देणार, त्याच्याशी भांडू नका. तुमच्या प्रोग्रामला कायमचं नाव द्या. ‘डेव्ह’मध्ये ‘सीरियल’ नावाचा फोल्डर असतो, त्यात बाय-आयडी आणि बाय-पाथ असे दोन. कन्व्हर्टरमध्ये स्वतःचा अनुक्रमांक असेल तर बाय-आयडी उत्तम. पण सीएच३४० मध्ये तो सहसा नसतो. दोन्ही निळ्या कन्व्हर्टरांचं बाय-आयडी नाव हुबेहूब एक निघतं, आणि त्या एका नावाला शेवटी एकच जण उरतो. मग बाय-पाथ घ्यायचा, म्हणजे यूएसबीच्या कोणत्या भोकात लावलाय त्यावरून नाव.

मी तिथे युडेव्हचे दोन नियम लिहिले. ईटीसी-युडेव्ह-रूल्स.डी या फोल्डरमध्ये एक फाइल, त्यात दोन ओळी: सबसिस्टिम टीटीवाय असेल आणि आयडी_पाथ हे असेल तर सिमलिंक (दुसरं नाव) ‘काटा’; आयडी_पाथ ते असेल तर सिमलिंक ‘फॅट’. आयडी_पाथची किंमत ‘युडेव्हएडीएम इन्फो’ने मिळते. मग ‘युडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड’ आणि ‘युडेव्हएडीएम ट्रिगर’. प्रोग्राममध्ये डेव्ह-काटा, डेव्ह-फॅट लिहिलं. शेवटी कॅबिनेटच्या मागे दोन भोकांवर लाल आणि पिवळी चिकटपट्टी लावली, कारण भोक बदललं तर नियम उपयोगाचा नाही. पाच वेळा मेन स्विच बंद-चालू करून बघितलं आणि मगच निघाले.

लक्षात ठेवा, युडेव्ह इथे मूळ नाव बदलत नाही, शेजारी दुसरं नाव जोडतो. टीटीवाययूएसबी० तिथेच राहतं.

नियमात मराठी नाव दिलं तर चालेल का?

मराठी शब्द द्या, अक्षरं मात्र रोमन आणि लहान, मध्ये जागा न सोडता. बरेच जुने प्रोग्राम देवनागरीतला फाइलीचा पत्ता वाचताना अडखळतात. नाव कामावरून ठेवा, मॉडेलवरून नाही. ‘काटा’ हे नाव काटा बदलला तरी खरं राहतं. कंपनीच्या मॉडेलचं नाव दिलं तर दोन वर्षांनी तिथे दुसऱ्याच कंपनीचा काटा असेल.

पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की एसडीएचं एसडीबी होतं. हा कर्नलचा दोष आहे का?

दोष नाही, तीच हजेरी. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) डेव्ह-एसडीए१ असं लिहू नका, ‘बीएलकेआयडी’ने दिसणारा यूयूआयडी, म्हणजे त्या पार्टिशनवरच्या फाइलसिस्टिमचा लांब ओळख क्रमांक, लिहा. बाहेरून जोडायच्या डिस्कला ‘नोफेल’ हा पर्याय द्या, म्हणजे ती नसली तरी मशीन सुरू होताना अडकणार नाही.

जुन्या पुस्तकांत एचडीए दिसतं ते आयडीई या जुन्या जोडणीच्या डिस्कांचं नाव. तो जुना आयडीई कोड २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत कर्नलमधून काढला. एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या डिस्कांचं नाव जास्त बोलकं आहे: एनव्हीएमई०एन१पी२ म्हणजे कंट्रोलर शून्य, नेमस्पेस एक, पार्टिशन दोन.

प्रयोगशाळा चालवणाऱ्यांनी एक सांभाळा. एका डिस्कवरून ‘डीडी’ने हुबेहूब प्रती काढल्या की यूयूआयडीही तोच येतो. प्रती वेगवेगळ्या मशीनमध्ये असतील तर काही नाही. पण मूळ आणि प्रत एकाच मशीनला लावलीत, तर कोणती चढेल याची खात्री नाही. मी एकदा अशी प्रत दुरुस्त करायला बसले आणि दीड तास मूळ डिस्कच दुरुस्त करत होते. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमसाठी ‘ट्यून२एफएस’ने नवा यूयूआयडी द्या आणि मग एफएसटॅब आणि बूटलोडरमध्येही तो बदला. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम निदान असा दुहेरी यूयूआयडी सरळ नाकारते.

ईटीएच० कुठे गेलं? हे ईएनपी३एस० काय आहे?

जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडी या मशीन सुरू होताना सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या १९७ आवृत्तीत ही पद्धत आली. ईएन म्हणजे तारेचं नेटवर्क, डब्ल्यूएल म्हणजे वायफाय. पुढे ओ असेल तर बोर्डावरचं, एस असेल तर स्लॉट, पी असेल तर पीसीआयचा मार्ग, एक्स असेल तर मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक. ईएनपी३एस० म्हणजे बस तीन, स्लॉट शून्य. एलएसपीसीआयमध्ये तेच कार्ड ०३:००.० दिसतं.

खूप जण इथे फसतात: एलएसपीसीआय बसचा क्रमांक सोळा-आधारी दाखवतं, नेटवर्कच्या नावात तो दशमान असतो. एलएसपीसीआयमधली ०ए बस नावात पी१० होते.

‘नेट.आयएफनेम्स=०’ देऊन जुनं नाव परत आणू का, असं विचारतात. एकच कार्ड असेल तर खुशाल आणा. दोन कार्डं असतील आणि एकावर इंटरनेट, दुसऱ्यावर आतलं जाळं असेल, तर आणू नका. अदलाबदल झाली तर फायरवॉल उलटी लागेल. आणि नवी पद्धतही अढळ नाही. मध्ये एखादं कार्ड घातलं की बसचे क्रमांक सरकू शकतात आणि पी३ चं पी४ होतं. दोन कार्डांच्या मशीनवर मी .लिंक फाइलीत मॅक पत्ता लिहून ‘बाहेर’ आणि ‘आत’ अशी नावं देते. नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही.

रास्पबेरी पायवर केळीच्या बागेसाठी सेन्सर लावतोय. तिथे तर एलएसपीसीआयमध्ये काहीच दिसत नाही.

दिसणार नाही. आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर लावलेला सेन्सर स्वतःहून ‘मी अमुक’ असं सांगत नाही. म्हणून बोर्डावर काय कुठे आहे हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत माणसाने लिहून द्यावं लागतं. तिथली ओळख म्हणजे ‘कंपॅटिबल’ ही ओळ: आधी कंपनीची ठरलेली खूण, स्वल्पविराम, मग चिपचं नाव, सगळं लहान अक्षरांत. तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणाऱ्या सेन्सरसाठी ‘बॉश,बीएमई२८०’. कंपन्यांच्या खुणांची यादी कर्नलमध्येच व्हेंडर-प्रीफिक्सेस.यामल या फाइलीत आहे, मनाने खूण बनवायची नाही.

या नावात ‘२८x’ असं मोघम लिहायला मनाई आहे. आज त्या x मध्ये बसणाऱ्या दोन चिपा सारख्या असतील, उद्या कंपनी तिसरी काढेल जी नावाने बसेल आणि कामाने बसणार नाही. म्हणून नेमकं नाव आधी, आणि ती जुन्या चिपसारखीच चालत असेल तर जुन्या चिपचं नेमकं नाव नंतर. ओळ डावीकडून उजवीकडे नेमक्याकडून सर्वसाधारणाकडे वाचायची.

माझ्या कन्व्हर्टरचा आयडी कोणत्याच ड्रायव्हरमध्ये नाही. मी स्वतः तो कर्नलमध्ये घालू शकतो का?

हो, आणि मला फार वाटतं की आपल्या भागातल्या एखाद्या मुला-मुलीने हे करावं. कर्नलला हातभार लावायची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

आधी खात्री करा. चिप कोणत्या ओळखीच्या चिपसारखी आहे हे कळलं, की त्या ड्रायव्हरच्या ‘न्यू_आयडी’ फाइलीत दोन्ही क्रमांक लिहा. ही फाइल सिसएफएसमध्ये, म्हणजे ‘सिस’ फोल्डरमध्ये, ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये सापडते. कर्नल पुन्हा न बांधता ड्रायव्हर तो आयडी तात्पुरता स्वीकारतो. दोन-तीन दिवस खऱ्या कामावर चालवून बघा. नीट चाललं तरच पुढे जा.

मग ड्रायव्हरच्या फाइलीतल्या शेजारच्या ओळी वाचा. त्यांनी नाव कसं लिहिलंय, क्रम कसला लावलाय, तसंच लिहा. चार आकडी सोळा-आधारी क्रमांक, पुढचं शून्य न गाळता. यादी क्रमाने असेल तर तुमची ओळ तिच्या जागी घाला, शेवटी चिकटवू नका. पॅच, म्हणजे तुमच्या बदलाची फाइल, तयार झाला की ‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट_मेंटेनर’ने कोणाला पाठवायचं ते काढा. पत्रात वस्तू कोणती, ती कुठे विकली जाते, एलएसयूएसबी काय दाखवतं आणि तुम्ही कशावर चालवून बघितलं, एवढं लिहा. नाव बदलायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, बदलून पुन्हा पाठवा.

एलएसयूएसबीला ‘-व्ही’ देऊन निघालेलं सगळं एका फाइलीत साठवून माझ्या वर्गाच्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन या. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते, आपण पहिला पॅच बसून लिहू.